जुने रिव्हॉल्व्हर घ्यावे की न घ्यावे?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. खेड्यातल्या माणसाशी बोलायचे तर बी-बियाण्याविषयी बोलावे, गाई-म्हशींविषयी बोलावे, फार तर ट्रॅक्टर जुना घ्यावा की नवा याविषयी बोलावे. रिव्हॉल्व्हरचा आणि आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. वर्षभरापूर्वी मीही असेच म्हटले असते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. जोडीला राष्ट्रीय छात्रसेनेचे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे मुलांना .२२ च्या रायफलीवर नेमबाजीचे पहिले धडे द्यावे लागतात. शस्त्रांशी माझा संबंध एवढाच. पण आमच्या अण्णांना तेवढा पुरेसा वाटला.

अण्णा म्हणजे माझे आत्येभाऊ. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. भीमेच्या काठी त्यांची वस्ती आहे. गावापासून तीन-साडेतीन किलोमीटर, चारी बाजूंनी ऊस, आणि रात्री दिवा दिसलाच तर तो पलीकडच्या वस्तीवरचा. त्या पलीकडच्या वस्तीवर एका रात्री चोर आले. म्हाताऱ्याला मारहाण झाली, बायकांच्या अंगावरचे दागिने गेले. त्या दिवसापासून अण्णांची झोप उडाली. त्यांनी रीतसर अर्ज केला, चौकश्या झाल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी स्वसंरक्षणासाठी एका हत्याराचा परवाना त्यांना मिळाला. आता हत्यार घ्यायचे राहिले होते आणि परवान्यात दिलेली मुदत संपत आली होती.

अशा वेळी मध्यस्थ कुठून तरी उगवतोच. एक गृहस्थ वस्तीवर आले आणि म्हणाले, “अण्णा, नवं कशाला घेता? एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर आहे. मोठ्या बोअरचं. एक गोळी लागली की माणूस जागेवर आडवा. असा माल आता मिळत नाही.” किंमत सांगितली ती दोन चांगल्या दुभत्या म्हशींची. अण्णांनी मला फोन केला. “तू कॅडेटांचा मास्तर आहेस. रविवारी ये, आपण बघून येऊ. तू हो म्हणालास की घेतो.”

आता ही जबाबदारी मोठी होती. बैल पारखायला नेले आणि पारख चुकली, तर नुकसान पैशाचे होते. इथे तसे नव्हते. म्हणून त्या रविवारी काय पाहिले, काय विचारले आणि शेवटी काय ठरले, ते तुम्हाला जसेच्या तसे सांगतो. तुमच्यापैकी फारच थोड्यांवर असा प्रसंग येईल. पण ज्याच्यावर येईल, तो आपल्या गावातल्या शिक्षकालाच आधी विचारील, म्हणून शिक्षक बंधु-भगिनींनीही हे ऐकून ठेवावे.

ते रिव्हॉल्व्हर तालुक्याच्या गावी, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात जमा होते. ज्यांच्या नावावर ते होते ते गृहस्थ वारले होते. परवानाधारक वारला म्हणजे त्याचे हत्यार वारसांना घरात तसेच ठेवून घेता येत नाही. विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. कित्येक घरांत हे ठाऊक नसते. वडिलांची बंदूक माळ्यावर राहते, आणि मुलगा नकळत गुन्हेगार होऊन बसतो. तुमच्या माहितीत असे घर असेल तर त्यांना आजच सांगा.

दुकानदार वयस्क होते, नाकावर चष्मा, बोलणे मोजके. त्यांनी कपाटातून ते हत्यार काढले, खटका दाबून मधोमध मोडावे तसे उघडले, आणि सहाही खाने रिकामे असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले, मग अण्णांना दाखवले. म्हणाले, “हातात घेताना प्रत्येक वेळी उघडून बघायचं. मघाशी बघितलं होतं, हे चालत नाही.” श्रोते हो, छात्रसेनेत मुलांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो : प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा, आणि ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही करू नका. जगातले निम्मे अपघात ‘रिकामे आहे’ या दोन शब्दांनी होतात, असे मुलांना सांगताना मी म्हणतो. हा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण मुलांच्या तो बरोबर लक्षात राहतो.

ते रिव्हॉल्व्हर वेब्लीचे होते. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात वेब्ली कंपनीने ही हत्यारे बनवली. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्कराने त्यांचा पहिला नमुना स्वीकारला. आमच्यासमोर होता तो सहावा नमुना, १९१५ सालचा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला. बोअर .४५५. बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी. .४५५ इंच म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर. आपल्याकडे परवान्यावर सर्वसाधारणपणे मिळणारे.३२ बोअर म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. वेब्लीची गोळी जड शिशाची, वेगाने मंद पण वजनाने सतरा ग्रॅमच्या आसपास. हत्याराचे रिकामे वजन किलोहून थोडे अधिक. पुढे १९३२ मध्ये ब्रिटिश लष्करानेच हे मोठे बोअर बाजूला ठेवून .३८ चे हलके रिव्हॉल्व्हर घेतले. त्यामागचे एक कारण आपण ध्यानात घेण्यासारखे आहे : मोठ्या बोअरचे जड हत्यार नीट चालवायला शिकायला शिपायाला फार दिवस लागत. ज्यांना रोज सराव होता त्यांची ही गोष्ट. ज्याला वर्षातून एकदाही बार काढायला मिळणार नाही, त्याच्या हातात ते काय करील?

अण्णांनी ते हातात घेतले. खरे सांगतो, हत्यार देखणे होते. अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला. मोठ्या वस्तूचा एक दिलासा असतो, मग ती वस्तू उपयोगी पडो वा न पडो. पण हात लांब करून धरले तेव्हा नळीचे टोक हळूहळू खाली झुकू लागले. दुकानदारांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत.

जुने रिव्हॉल्व्हर पारखायचे कसे, हे मी त्यांना विचारले. त्यांनी मेकॅनिकने इंजिन समजावून सांगावे तसे सांगितले. पहिली गोष्ट नळी. उघडून उजेडाकडे धरावी. आत पिळाच्या खाचा स्वच्छ, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला गंज धरवणारा असे. बार काढल्यावर नळी धुतली नसेल तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. दुसरी गोष्ट फिरता गोल, म्हणजे सहा खान्यांचे चाक. घोडा चढवला की ते जागच्या जागी घट्ट बसले पाहिजे. बोटाने हलवून पाहावे. सैल बैलगाडीच्या चाकासारखे डुगडुगत असेल तर खाना आणि नळी समोरासमोर येत नाहीत, गोळी नळीच्या तोंडाशी खरवडते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. तिसरी गोष्ट, चाक आणि नळी यांच्यातली फट. ती कागदाच्या जाडीइतकी बारीक असावी, जास्त असेल तर त्यातून आगीची झळ बाहेर येते. चौथी, मधोमध उघडणाऱ्या हत्याराचा वरचा खटका. सारी ताकद तोच पेलतो. तो झिजला असेल तर हत्यार कितीही चकचकीत असो, ते भिंतीवर टांगायचे. पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत विसरली जाणारी : हत्यारावर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का?

आणि सहावी, काडतूस. इथे दुकानदारांनी एक गोष्ट सांगितली ती मला नवी नव्हती, पण अण्णांना नवी होती. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, महायुद्धानंतर अशी पुष्कळ वेब्ली रिव्हॉल्व्हरे स्वस्तात विकली गेली. त्यांची मूळ काडतुसे मिळेनात, म्हणून विक्रेत्यांनी चाकाची मागली बाजू तासून त्यांत .४५ च्या पिस्तुलाची काडतुसे बसतील अशी सोय केली. काडतूस बसले, पण त्याचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त, आणि हत्यार त्या दाबासाठी घडवलेले नव्हते. काडतूस आत बसते म्हणून ते त्या हत्याराचे होते असे नाही. आपल्याकडच्या .३२ मध्येही ही चूक होते. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस वेगळे आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस वेगळे. दोन्ही आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात, पण एकाचे दुसऱ्याला चालवायचे नसते.

मध्यस्थ आमच्याबरोबर होते. ते अस्वस्थ होऊन म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो, पण हत्यार पास आहे ना?”

दुकानदारांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “हत्यार पास आहे. पण अण्णांच्या परवान्यावर हे चढणार नाही.”

श्रोते हो, हा या भाषणातला कायद्याचा भाग. नीट ऐकावा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग पाडलेले आहेत. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५५ ची किंवा .३८० ची लष्करी काडतुसे बसतात, ते रिव्हॉल्व्हर मनाई केलेल्या बोअरच्या वर्गात मोडते. जिल्हा दंडाधिकारी, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, जो सर्वसाधारण परवाना देतात, त्यावर हे हत्यार घेता येत नाही. त्याला केंद्र सरकारची खास परवानगी लागते, आणि ती वस्तीवर चोरांची भीती आहे एवढ्यावर मिळत नाही. परवानगीवाचून असे हत्यार जवळ ठेवले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त चौदा वर्षे आहे. म्हणजे चोराला भिऊन घेतलेली वस्तू चोराआधी मालकालाच तुरुंगात घालू शकते.

मध्यस्थ म्हणाले, “कागद मी करून देतो.” दुकानदारांनी हत्यार उचलले, कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. त्या कुलपाच्या आवाजात सगळे उत्तर होते.

आणखी एक नियम इथेच सांगून टाकतो. एका परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला आपले हत्यार खासगी रीतीने विकायचे असेल, तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस जावे लागतात. आज बघितले, उद्या पैसे दिले, परवा घरी आणले, असा हा व्यवहार नाही. ‘कागद नंतर बघू’ असे जो म्हणतो, त्याच्या दारातून मागे फिरावे.

झाले. मोठ्या बोअरचा प्रश्न सुटला. पण अण्णांचा प्रश्न सुटला नव्हता, कारण दुकानदारांकडे .३२ चे एक जुने, कायदेशीर, बऱ्या स्थितीतले रिव्हॉल्व्हरही होते. ते अण्णांच्या परवान्यावर चढण्यासारखे होते. तेही विलायती, आणि किंमत थोडी कमी, तरी चढीच. १९८० च्या दशकात सर्वसामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून देशात आधीच असलेल्या जुन्या मालाला सोन्यासारखा भाव आला. माल सोन्यासारखा आहे म्हणून नव्हे, थोडा आहे म्हणून. “हे तरी घेऊ का?” अण्णांनी विचारले. मी म्हटले, “आज नको. वाटेत बोलू.”

वाटेत आम्ही बोललो. मी त्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. तेच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : हत्यार कोणत्या वेळी, किती अंतरावर वापरणार? चोर येतात ते अंधारात. कुत्रे भुंकते, आपण झोपेतून उठतो, दिवा लावायचा की नाही हे ठरत नाही. हत्यार कपाटात, काडतुसे दुसऱ्या जागी, कारण घरात मुले असताना ती एकत्र ठेवणे म्हणजे विस्तव आणि गवत एकत्र ठेवणे. तेवढ्या वेळात चोर ओट्यावर. लहान नळीच्या हत्याराने नेम धरणे रायफलीपेक्षा फार अवघड असते. आमची मुले दिवसाउजेडी, आडवे पडून, श्वास रोखून नेम धरतात तरी गोळी कागदाबाहेर जाते. मग घाबरलेल्या माणसाच्या हातून अंधारात काय होईल? त्या वेळी घरातली बाकीची माणसे कुठे असतील?

दुसरा प्रश्न : कायदा आपल्याला किती हक्क देतो? आत्मसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्याआधी दंड संहितेतही तो होता. पण संरक्षणाला जरूर तेवढीच इजा करता येते, त्याहून जास्त नाही. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याची गोष्ट वेगळी; परंतु पाठ फिरवून उसात पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणे हे संरक्षण नव्हे. तिथे आरोपी आपण होतो. आणि उसात नेहमी चोरच असतो असेही नाही. पाणी द्यायला रात्री गेलेला आपला गडी असू शकतो.

अण्णा म्हणाले, “बिबट्या आला तर?” त्यांच्या भागात हा प्रश्न खरा आहे, पुणे आणि नगरकडच्या उसात बिबट्या वावरतो, हे तुम्हा श्रोत्यांना मी सांगायला नको. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे, आणि छोट्या हत्याराने जखमी झालेला बिबट्या हा न दुखावलेल्या बिबट्याहून कितीतरी अधिक धोक्याचा. बिबट्यासाठी उजेड, आवाज, बंदिस्त गोठा आणि वन खाते, हेच उपाय.

तिसरा प्रश्न : हत्यार घरात आहे हे किती जणांना कळणार? यावर अण्णा हसले. त्यांचा सात वर्षांचा नातू आधीच शाळेत सांगून आला होता, “आमच्या आजोबांचं पिस्तूल येणारेय.” म्हणजे हत्यार यायच्या आधी बातमी अर्ध्या गावात पोचली होती. ज्या घरात हत्यार आहे ते घर चोर टाळतो असे आपण समजतो. पण हत्यार हीच चोराला सर्वांत हवी असलेली वस्तू असते. शिक्षक मंडळींना इथे एक विनंती. मुलांच्या तोंडी आजकाल ‘घोडा’, ‘कट्टा’ हे शब्द सहज येतात. फोनवर कोणी हत्यार हातात धरून काढलेली चित्रे पाठवतो, मुले ती कौतुकाने बघतात. वर्गात रागावू नका. एक तास काढून त्यांना ४५ दिवसांचा नियम सांगा, सात ते चौदा वर्षांची शिक्षा सांगा, आणि ‘रिकामे आहे’ हे दोन शब्द सांगा. पुढे त्यांतला एखादा तरी वाचेल.

चौथा प्रश्न : पुढची जोखीम कोण सांभाळणार? परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. त्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०१९ नंतर पाच वर्षांची झाली. निवडणुका आल्या की अनेक परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो, म्हणजे गाव सर्वांत जास्त तापलेले असते त्या दिवसांत हत्यार घरी नसते. तेल-पाणी करावे लागते. हत्यार हरवले तर त्याची जबाबदारी मालकाची. म्हैस विकत घेतली तर ती निदान दूध देते.

अण्णा या चारही प्रश्नांना मान डोलावत होते, पण मनातून हललेले दिसत नव्हते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपण एक प्रश्न विचारलाच नाही. तो विचारायला मला संकोच वाटत होता. वस्तीवर पोचलो. अण्णा गोठ्याकडे गेले आणि वहिनी चहा घेऊन आल्या. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, घेतलं का हो?” मी नाही म्हटले. त्यांनी पदराने कपाळ पुसले. “बरं झालं. चोराची भीती मला पण आहे. पण ह्यांची जास्त आहे. पाणी कमी पडलं, ऊस वाळला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दोन महिने झाले, जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात. अशा घरात ते आणून ठेवलं, तर किल्ली मी कुठं ठेवू, सांगा.”

श्रोते हो, मी एम.ए. झालेला माणूस. बोअर मला ठाऊक, कलमे मला ठाऊक, वेब्लीचा इतिहास ठाऊक. पण खरा प्रश्न वहिनींनी विचारला. ज्या देशांत घरोघरी हत्यारे आहेत, तिथला अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू दुसऱ्याने घेतलेले नसतात. माणसाने स्वतःचेच घेतलेले असतात. मन खचते ती वेळ पुष्कळदा येते आणि जाते. ती जाऊ देणे हाच उपाय असतो. हाताशी हत्यार असले म्हणजे ती वेळ जायला जागाच उरत नाही.

संध्याकाळी मी अण्णांबरोबर बांधावरून फिरायला गेलो. मी विचारले, “अण्णा, झोप लागते का?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चोराला मी भीत नाही रे. चोर येऊन नेणार काय? पण रात्र सरत नाही.” त्यानंतर ते जे बोलले ते त्यांचे आणि माझे आहे, ते इथे सांगत नाही. पण दोन महिन्यांत ते पहिल्यांदा बोलले, एवढे सांगतो. मी ऐकले. त्याहून शहाणपणाचे मी काही केले नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात. परवान्याची मुदत संपली. हत्यार घेतले नाही. त्या पैशातला थोडा भाग खर्चून वस्तीच्या चारी कोपऱ्यांना सौर दिवे लावले, मागच्या दाराला आतून लोखंडी अडसर घातला आणि गोठा बंदिस्त केला. पाच वस्त्यांची एक फोनसाखळी बांधली : एकाने फोन केला की चौघांनी दिवे लावून ओरडत बाहेर यायचे. पोलीस पाटलांना बोलावून सगळ्यांना ११२ या क्रमांकाची आणि ग्रामसुरक्षा दलाची माहिती करून दिली. पलीकडच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी सांगितले, “त्या रात्री आम्ही ओरडलो होतो. पण कोणाला ऐकू गेलं नाही.” कुणाला ऐकू गेले असते, तर एकाही गोळीची गरज लागली नसती.

आणि अण्णांना घेऊन आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी ते तयार नव्हते. “मी काय वेडा आहे का?” म्हणाले. वहिनी म्हणाल्या, “गुडघा दुखला तर जाता ना? तसंच.” औषध चालू झाले, सोसायटीच्या हप्त्यांची घडी बसवायला माझा एक विद्यार्थी मदतीला आला. आता अण्णा पहाटे पाचला उठतात. तीनला नाही. ज्या श्रोत्यांच्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल, त्यांच्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला ‘टेलिमानस’ म्हणतात. तिथे आपल्या भाषेत बोलता येते. शिक्षकांनी तो शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावा.

आता तात्पर्य. परवाना कायद्याने दिला आहे, आणि ज्याला खरोखर गरज आहे, सराव आहे, जबाबदारी पेलण्याची तयारी आहे, त्याने हत्यार घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्या. कागद आणि क्रमांक जुळतो का? ते बोअर आपल्या परवान्यावर चालते का? यंत्र आणि काडतूस एकमेकांचे आहेत का? अंधारात ते आपल्या हाताला पेलेल का? आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची : ज्या घरात ते जाणार, त्या घरातली सगळी माणसे सध्या मनाने बरी आहेत का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानदार देईल. चौथ्याचे उत्तर आपला हात देईल. पाचव्याचे उत्तर घरातल्या बाईला विचारावे. आणि ती गप्प राहिली तर तिचे गप्प राहणे हेच उत्तर समजावे.

गेल्या महिन्यात वस्तीवर गेलो होतो. नातवाने मला ओढत नेऊन मागच्या दाराचा अडसर दाखवला. “काका, हा मी एकटा लावतो,” तो म्हणाला. अण्णा ओट्यावर बसून हसत होते.